बुटाला वाहिलेल्या अक्षता

डावा पाय सुटेना. मी पुलाच्या कठड्याशी उभी होते आणि माझी नात प्राची सायकलचा वेग कमी करत माझ्यापासून दहा पावलांवर आली होती. तिने टाच बाहेरच्या बाजूला झटकली. एकदा, दोनदा. बूट पायडलला धरून बसला होता. तिने घाईघाईने उजवा पाय ओढून पाहिला, तोही निघेना. त्या ओढाताणीत ती उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या बाजूला, सायकलसकट आडवी झाली. मागून पाण्याचा टँकर येत होता. "आजी" एवढंच ती म्हणाली. ओरडली नाही. त्यानंतर फक्त ब्रेकचा आवाज आला.

टँकर थांबला तेव्हा सायकलचं पुढचं चाक त्याच्याखाली होतं आणि प्राचीचं डोकं टायरपासून वीतभर लांब होतं. मी नंतर कितीतरी वेळा ते अंतर मनात मोजलं. दर वेळी वीतच निघाली.

मी धावले असं म्हणणार नाही. त्र्याहत्तर वर्षांची बाई धावत नाही. मी गेले. तिचे दोन्ही पाय अजून पायडलला अडकलेले होते आणि उजवा पाय सायकलखाली घोट्यात नको तसा वळला होता. बूट पायडलमधून निघत नव्हता, तेव्हा मी पायच बुटातून काढायचं ठरवलं. त्या बुटावर एक गोल चकती असते, ती उलटी फिरवली की दोऱ्या सैल होतात. मला हे ठाऊक होतं, कारण ती रोज बूट काढायची तेव्हा मी समोर बसून नावं ठेवायचे. दोन्ही चकत्या फिरवल्या. पाय माझ्या मांडीवर आले आणि बूट पायडलवर तसेच राहिले.

पुलाच्या टोकाला भाताच्या लोंब्या विकायला बसलेली बाई टोपली टाकून आली. तिने प्राचीच्या तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाली, "आजे, रडू नको." मी रडत नव्हते. तीच रडत होती.

यंदा परत नवरात्र आलं आहे. कल्याणच्या गांधारी पुलापलीकडे बापगावच्या बाजूला भात पिवळं पडलं आहे, वारा आला की खिडकीत त्याचा वास येतो. दुपारी पंखा गरम हवा ढवळतो. बाजारात झेंडूचे ढीग लागले आहेत. हे सगळं मला आवडतं, आणि गेल्या वर्षीपासून त्यात त्या ब्रेकचा आवाज मिसळला आहे. तो जाणार नाही. म्हणून म्हटलं, एकदा लिहून काढावं. मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, सजवता येत नाही.

आमच्या घरात खंडेनवमीला कामाच्या वस्तूंची पूजा होते. त्या दिवशी त्या वस्तू वापरायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला काढायच्या. आम्ही मोहन्याला राहत होतो तेव्हा माझा नवरा रेयॉनच्या कंपनीत फिटर होता. पाटावर त्याचे पान्हे, हातोडी, माझं पोळपाट-लाटणं आणि विळी असायची. पोळ्या सकाळीच लाटून घ्यायच्या. सायकल पाटाशेजारी भिंतीला. बाकीचे लोक हँडलला हार घालायचे. हा मुद्दाम खाली बसून दोन्ही पायडलना हळदकुंकू लावायचा. म्हणायचा, "हँडल फक्त दिशा दाखवतं गं. ओढतं ते पायडल."

तो रबरी चपलेने सायकल मारायचा. अंगठ्याने पायडल धरल्यासारखा. त्याचा पंजा सुपासारखा पसरट होता, बोटं एकमेकांपासून मोकळी. मीसुद्धा तेव्हा कामगारांच्या चाळींतून जेवणाचे डबे पायी पोचवायचे. आमच्या पायांना कोणी आधार दिला नाही आणि पायांनी कधी तक्रार केली नाही, असं मी प्राचीला कितीदा सांगितलं असेल. ते खोटं होतं. साठी ओलांडल्यावर तो सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरायचा. पहिली चार पावलं टाचेवर टेकता येत नसत. भांडताना ही गोष्ट मी सोयीने विसरायचे.

भांडण बुटांचंच होतं. प्राची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि डिसेंबरात तिची जिल्ह्याच्या सायकल संघासाठी निवड चाचणी होती. त्यासाठी तिने ते बूट मागवले. पांढरे, तळ असा टणक की मी दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, वाकला नाही. आत तळव्याच्या खळग्याखाली उंचवटा. तळाला बाहेरून एक पट्टी, तिला ती क्लीट म्हणते. ती पट्टी पायडलमध्ये दाबली की खट्ट वाजून बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते.

"हा बूट नाही," मी म्हटलं. "ही पायाला बांधलेली फळी आहे."

"अगं आजी, बूट वाकला तर माझा जोर बुटातच जिरतो. पायडलपर्यंत जात नाही."

"मग जोर वाढव."

"वाढवतेच आहे ना यार!"

"यार तुझ्या मैत्रिणींना म्हण."

माझं म्हणणं साधं होतं. मोडलेल्या हाताला फळी बांधतात आणि महिन्याने सोडतात तेव्हा हात बारीक झालेला असतो. पायाचंही तसंच होणार. आणि माझ्याकडे पुरावा होता. संध्याकाळी मी तिचे तळवे खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासायचे. उन्हाळ्यात डोळ्यांची आग होते म्हणून ती लहान असल्यापासून हे चाललेलं. तिचा पाय मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बूट आल्यापासून करंगळी आत दुमडायला लागली होती. खळगा हाताला मऊ लागत होता, मळून ठेवलेल्या कणकेसारखा.

एकदा फळीवरचा डबा काढताना ती डगमगली. मी म्हटलं, "एका पायावर उभी राहा बघू." ती राहिली. सातव्या आकड्याला तिने ओट्याला हात लावला. घाट चढून येणारी मुलगी माझ्या स्वयंपाकघरात एका पायावर दहापर्यंत उभी राहू शकत नव्हती. मग मी राहिले. वीसपर्यंत मोजून पाय खाली ठेवला.

"तू चीटिंग केलीस. पदर ओट्याला टेकलेला."

"पदराने माणूस उभं राहत नाही."

माझा मुलगा सुनील, म्हणजे तिचा बाप, पेपरामागून म्हणाला, "आई, तू पण चाचणीला जा." अशी आमची थट्टा चालायची. त्यात माझा हट्टही होता, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

मग खंडेनवमी आली. सायकल हॉलमध्ये आणली, हार घातला. मी बूट मागितले. सुनील म्हणाला, "आई, पायताण पूजेत ठेवतेस?" मी म्हटलं, तुझ्या बापाने पायडल पुजली. ही पायडल तर बुटाशिवाय चालत नाही, म्हणजे बूट हा पायडलचाच अर्धा भाग झाला. मी त्यावर तोडही काढली. वरचा भाग पायताण, म्हणून तो खाली केला. तळाची पट्टी हे हत्यार, म्हणून बूट पालथे ठेवून तिला पूजा. मी त्या बुटांना वर्षभर नावं ठेवली, पण पूजा हात राखून करायची मला सवय नाही. ओली हळद, कुंकू, गंध आणि वर मूठभर अक्षता. पायडलनाही तसंच. प्राची हसत होती. "आजी, शेवटी पटले ना बूट?" मी म्हटलं, "पटले नाहीत. पण कामाला आहेत."

ऑक्टोबरचं ऊन. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो सगळा लेप वाळून घट्ट झाला. प्राचीने फुंकर मारून वरच्या अक्षता उडवल्या आणि सायकल बाहेर काढली. पट्टी पायडलमध्ये बसवताना जरा जास्त दाबावं लागलं, हे तिने नंतर सांगितलं. दसऱ्याची सकाळ, रस्ते मोकळे. ती पडघ्यापर्यंत जाऊन वळली, तरी पाय काढायची वेळ आली नाही. ती वेळ मी आणली. दाराला बांधायला नव्या भाताच्या लोंब्या हव्यात म्हणून मी रिक्षाने पुलावर गेले होते आणि तिला सांगून ठेवलं होतं, "येताना थांब, पिशवी हँडलला लाव, मला ओझं नको." ती माझ्यासाठी थांबत होती.

दवाखान्यात तिचे कपडे आणि कोणीतरी पायडलवरून उचकटून आणलेले बूट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. घोट्याचं हाड मोडलं होतं. बाकी खरचटणं. प्लॅस्टर घालून आत ती झोपली होती. बाहेर बाकावर बसून मी बूट काढला आणि सवयीने पालथा केला. पट्टीच्या खाचेत हळदीचा दगड झाला होता आणि त्यात तीन तांदूळ रुतले होते. केसातला आकडा काढून मी एक टोकरला. निघायला वेळ लागला. तो तळहातावर घेऊन मी बसले. मला सगळं कळलं. मी तो पदराच्या टोकाला बांधला आणि बूट परत पिशवीत घातले.

पुढचे आठ दिवस मी गप्प बसले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. घरी येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा, ह्या असल्या बुटांनीच घात केला. सुनील म्हणायचा, "आई पहिल्यापासून सांगत होती, आपणच ऐकलं नाही." वर्षभर मला जे कोणी कबूल करत नव्हतं ते सगळे आयतं कबूल करत होते. आणि मी चहा गाळत होते.

नवव्या दिवशी सुनीलने ठरवलं. पलंगाजवळ उभा राहून तो म्हणाला, "सायकल दुरुस्त करायची नाही. ती आणि हे बूट, दोन्ही देऊन टाकतो. पाय बरा झाला की अभ्यास कर." प्राची भिंतीकडे तोंड करून पडली. तिची पाठ हलत होती. ती पडली तेव्हासुद्धा रडली नव्हती.

मी पिशवी आणली. बूट सुनीलच्या समोर पालथा धरला आणि पदराची गाठ सोडली. "हे बघ. बुटाचा दोष नाही. खाचेत अक्षता होत्या. त्या मी टाकल्या."

सुनीलने बूट हातात घेऊन खाच नखाने खरवडून पाहिली. "आई, तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि आज सांगतेस?"

"आज सायकल चाललीय म्हणून सांगते. नाहीतर कदाचित सांगितलं नसतं."

प्राची वळली. आधी ती हसली. मोठ्याने, प्लॅस्टर हलेल इतकी. "म्हणजे मी पूजेने पडली?" मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "आजी, तू आठ दिवस सगळ्यांना माझ्या बुटांना शिव्या देऊ दिल्यास." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिचं जेवण नेऊन ठेवायचे, ताट उचलायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आतून हाक आली, "आजी, वाटी आण. एक पाय तर मोकळा आहे ना." मी वाटी घेऊन गेले. डावा पाय घासला. मला त्या संध्याकाळइतकं हलकं फार थोड्या वेळा वाटलं आहे.

टँकरचा ड्रायव्हर चौथ्या दिवशीच घरी पेरू घेऊन आला होता. तिशीतला माणूस. म्हणाला, "मावशी, सकाळीच गाडीची पूजा केलेली, नारळ फोडलेला, म्हणून ब्रेक लागला." माझ्या पदराला तेव्हा तो तांदूळ बांधलेला होता. मी विचारलं, "ब्रेकचं काम कधी केलंस?" म्हणाला, "गेल्याच आठवड्यात, नवे टाकले." ज्या मेकॅनिकने ते ब्रेक नीट बसवले त्याचं नाव मला माहीत नाही. पूजा मी सोडलेली नाही, पण दिवा लावताना आता मी त्या मेकॅनिकची आठवण काढते.

दिवाळी प्लॅस्टरमध्ये गेली. मार्गशीर्षात प्लॅस्टर निघालं आणि आतून जो पाय बाहेर आला तो मला ओळखू येईना. बारीक, पांढरा, सोललेल्या शेवग्यासारखा. तेव्हा मी फळीची उपमा परत दिली नाही. आठवड्यातून दोनदा मी तिला बसने ठाण्याला न्यायचे. नौपाड्यात एका दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. उन्हं कोवळी असायची, बसच्या खिडकीतून गार वारा लागायचा, आणि मुलगी कुबडी मांडीवर घेऊन माझ्या खांद्यावर झोपायची.

मी त्या बाईंना पहिल्याच दिवशी विचारलं, "हे बूट पाय कमजोर करतात की नाही? हो का नाही तेवढं सांगा."

त्या हसल्या. "आजी, सायकलवर पाय चालत नाही, दाबतो. दाबायला टणक तळ बरा. तासन् तास दाबलं तरी बोटं बधिर होत नाहीत, खळग्याला टेकू मिळतो. पण आतले बारीक स्नायू तेवढा वेळ नुसते बसून असतात. बूट त्यांना कमजोर करत नाही, काम देत नाही. काम बूट काढल्यावर द्यायचं. ही बूट काढून काय घालते?"

"गुबगुबीत सपाता," मी म्हटलं. "दिवसभर."

"आजी!" प्राची म्हणाली.

"मग खरं तेच सांगितलं."

"सपाता बंद," बाई म्हणाल्या. "घरात अनवाणी. आणि करंगळी दुमडत असेल तर बूट पुढून अरुंद आहे, पुढच्या वेळी रुंद घे. सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर माझ्याकडे नाही. प्रत्येकाचा पाय वेगळा."

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"अर्धं."

"अर्धं चालेल."

त्यांनी घरी करायचा व्यायाम दिला. फरशीवर चिंचोके पसरायचे आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायचे. पहिल्या दिवशी प्राचीला एकही उचलता आला नाही. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि दहा उचलले. ती चिडली. ती चिडली की मेहनत करते, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे. महिनाभर रोज सकाळी आमच्या घरात चिंचोके वाटीत पडल्याचा आवाज येत होता. एके दिवशी तिने मला हरवलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझा अंगठा दुखतोय. तिने विश्वास ठेवला नाही.

पण त्या बाईंनी माझेही पाय बघितले. मी नको म्हणत होते. त्यांनी टाच दाबली आणि मी कळवळले. "सकाळी उठल्यावर भिंत धरता ना?" त्यांनी विचारलं. मी प्राचीकडे बघितलं नाही. धरत होते. दोन वर्षं धरत होते. नातीला अनवाणी पायांचे गुण सांगणारी मी, पलंगावरून उतरताना रोज भिंत धरत होते, नवऱ्यासारखी. बाईंनी मला घरात घालायला आतून उंचवटा असलेल्या मऊ चपला सांगितल्या. तरण्या पोरीला अनवाणी चालायला सांगितलं आणि म्हातारीला टेकू दिला. बसमध्ये प्राची कल्याण येईपर्यंत हसत होती.

त्या चपला घालून महिना झाला असेल. एका सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि मग लक्षात आलं की भिंतीला हात लावलाच नाही. मी गॅसजवळ उभी राहिले. नवऱ्याची आठवण आली. त्याच्या टाचेखाली कोणी असं काही ठेवलं असतं तर शेवटची दहा वर्षं त्याची सकाळ बरी गेली असती. आमच्या काळात पाय दुखला की पाय दुखतो म्हणायचे आणि चालायचे. त्याला आम्ही ताकद समजत होतो. काही होतीही, पण सगळी नाही.

डिसेंबरची चाचणी हुकली. फेब्रुवारीत प्राची परत सायकलवर बसली, खाली अंगणात, सुनील मागून सीट धरून, ती पाच वर्षांची असताना धरायचा तशी. बूट नवे, पुढून रुंद. ती बसली, खट्ट वाजलं. "सोड पाय," सुनील म्हणाला. तिने टाच वळवली, पाय सुटला. "परत." परत सुटला. वीस वेळा त्याने तिला तेच करायला लावलं. मी गॅलरीतून बघत होते. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याचे उपकार मी मानते.

तिची यंदाची चाचणी दोन महिन्यांवर आहे. घाटातून येते, बूट काढते आणि अनवाणी गच्चीवर चालते. निवड होईल की नाही मला माहीत नाही. करंगळी अजून जराशी आत आहे. एका पायावर ती आता माझ्यापेक्षा जास्त वेळ उभी राहते आणि मला ते मोजायला लावते.

गेल्या दसऱ्याला पुलावर पडली ती प्राची जिवंत आहे आणि दोन्ही पायांनी चालते. टँकर चालवणारा जिवंत आहे, आणि त्याच्या हातून कोणी गेलं नाही. मीही आहे.